पहिली विभूती

खंडेनवमीला मी शिलाई यंत्राला हार घालतो, कात्रीला विभूती लावतो आणि दिवसभर दोघांनाही हात लावत नाही. गिऱ्हाईकं नेमकी त्याच दिवशी उगवतात. एवढं एक बटण टाकून द्या विरूपण्णा, उद्या दसऱ्याला घालायचाय. मी सांगतो की कात्री आज माझी मालकीण आहे, तिला विचारा. काही जण हसतात, काही जण चिडून दुसऱ्या शिंप्याकडे जातात आणि तिथूनही तेच ऐकून परत येतात.

खरं सांगायचं तर पूर्वी मी हे सगळं बाकीचे करतात म्हणून करायचो. त्या दिवशी काय करायचं असतं ते मला समोरच्या खानावळीतल्या तुंगव्वानं दाखवलं. आणि पुढे एका खंडेनवमीलाच, त्याच खानावळीत, तिच्याशी जे झालं त्याचा राग अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. जाऊ नये अशीच माझी इच्छा आहे.

तुंगव्वा डंबळची. नवरा तापानं गेला, दिरांनी शेत ठेवून घेतलं आणि तिला तिची मुलगी दिली. ती मुलीला कडेवर आणि आईची विळी पिशवीत घेऊन गदगला आली. शांतवीरप्पानं तेव्हा आमच्या गल्लीत खानावळ नुकतीच टाकली होती. त्याच्या बायकोला दम्याचा त्रास, चुलीपुढे बसवेना. त्यानं तुंगव्वाला विचारलं, भाकरी येते का. ती म्हणाली, भाकरी कुणाला येत नाही. एवढ्यावर ती आत गेली आणि भाकऱ्या थापायच्या लाकडी काथवटीपुढे बसली ती बसलीच. तिची मुलगी मोठी झाली, इलकलला दिली, तिला मुलं झाली, तरी तुंगव्वा काथवटीपुढेच.

बुटकी बाई. दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे बारीक डाग. हसली की आवाज यायचा नाही, नुसते खांदे हलायचे. जेवायला बसलेल्या लोकांना ती आतूनच बोलायची. कुणी तिसरी भाकरी मागताना घुटमळला तर म्हणायची, "लाजतोस कशाला, पोट तुझं आहे, पीठ मालकाचं आहे, माझं काय जातंय?" मला म्हणायची की विरूपण्णा दुसऱ्यांची मापं घेतात आणि स्वतःचं पोट मात्र अंदाजानं भरतात. मी रोज दुपारी तिथेच जेवायचो. भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी, वर दही आणि तिची भाकरी. घरी बायकोनं कधी विचारलं की तिथल्या भाकरीत असं काय आहे, तर मी विषय बदलायचो.

शांतवीरप्पाचा मुलगा रुद्रेश तेव्हा रांगत होता. तो पाच-सहा वर्षांचा असताना त्याची आई गेली. पोर सगळा दिवस तुंगव्वाच्या मांडीपाशी. पिठात लोळून पांढरं झालेलं, हातात भाकरीचा तुकडा. सकाळी तव्यावरून उतरलेली पहिली भाकरी ती त्याला द्यायची, लोणी घालून. मग शाळेत जाणाऱ्या रुद्रेशला, मग कॉलेजात जाणाऱ्या रुद्रेशला. बाप गेल्यावर तो गल्ल्यावर बसायला लागला, लग्न झालं, पोट सुटलं, तरी सकाळी आत येऊन पाटावर बसायचा आणि पहिली भाकरी तिच्या हातून घ्यायचा. स्वतः ती सगळ्यांच्या शेवटी जेवायची, बहुतेक वेळा उभ्यानंच. तो तिला अव्वा म्हणायचा. आई म्हणतात ती अव्वा.

आता त्या खानावळीतली खंडेनवमी सांगतो.

त्या दिवशी चूल बंद. सगळी भांडीकुंडी, अवजारं धुऊन पुसून मधल्या खोलीत चटईवर मांडायची. काथवट, तवे, पाटा-वरवंटा, घागरी, चाळण्या, सिलिंडर, झाडूसुद्धा. मग मालकानं एकेका वस्तूला विभूतीची तीन बोटं ओढायची. ही पहिली विभूती ज्याची वस्तू त्यानंच लावायची, हा शांतवीरप्पाचा कडक नियम. त्या बाबतीत तो देवालाही सूट देणारा नव्हता. खानावळीत एक लांब बाक होतं, ते माझं. दुकानात जागा नव्हती म्हणून त्याच्याकडे ठेवलं ते तिथेच राहिलं. दर वर्षी पूजेत बाकाची पाळी आली की शांतवीरप्पा ताट खाली ठेवून रस्त्याच्या पलीकडून मला हाक मारायचा. मी म्हणायचो, अरे लाव ना तूच, तुझीच माणसं त्यावर बसतात. तो म्हणायचा, "दुसऱ्याच्या वस्तूला आपली म्हणून विभूती लावायची म्हणजे शिवापुढे खोटी सही करायची. ये मुकाट्यानं." मग मी जायचो, तीन बोटं ओढायचो. विळी तुंगव्वाची, म्हणून तिला ती लावायची. रुद्रेश बापाच्या बाजूला ताट धरून उभा असायचा. हे सगळं त्यानं लहानपणापासून पाहिलं.

मालकाची विभूती झाली की तुंगव्वा पुढे यायची, आणि गल्लीतले लोक थांबायचे ते तिच्यासाठी. एकेका वस्तूवर हळद-कुंकू टाकताना ती त्या वस्तूशी बोलायची. वर्षभरात तिनं काय केलं ते तिला सांगायची.

"काथवटी, वर्षभर माझे तडाखे खाल्लेस. डंबळच्या यात्रेत तर तुला वाळायलासुद्धा वेळ दिला नाही. माफ कर, पुढच्या वर्षीही देणार नाही."

सिलिंडरला म्हणायची की हुबळीचं वऱ्हाड अचानक उतरलं त्या दुपारी तुझ्यात किती उरलं होतं ते तुला आणि मलाच ठाऊक, लाज राखलीस बाबा. चुलीवर लटकणाऱ्या बल्बला म्हणायची, तुझ्याबरोबर आणलेले दोघे कधीच गेले, तू तब्येतीला जप. कान तुटलेल्या कढईला, नळाला, दाराच्या कडीला, प्रत्येकाला काही ना काही. रुद्रेशच्या गणकयंत्रापाशी आली की नुसतं कुंकू टाकायची आणि म्हणायची, "तू काय काय केलंस ते तुझं तू बघ." लोक पोट धरून हसायचे. रुद्रेशही हसायचा.

एकदा मी तिला विचारलं की हे कुठून आलं. तिची आजी शेतात नांगराशी, कोयत्याशी असं बोलायची म्हणे. मी म्हटलं, वस्तूला काय कळतं. तर ती म्हणाली, "कळू दे नाहीतर न कळू दे. वर्षभरात काय वाईट झालं ते कुणीही न विचारता सांगतं. काय नीट चाललं ते आठवायला मात्र खाली बसावं लागतं. मी एक दिवस बसते." त्या वर्षापासून मी कात्रीशी बोलायला लागलो. बायकोनं ऐकलं आणि म्हणाली, माझ्याशी असं एकदा बोलला असतात तर. ते असो.

पूजा संपली की साडी. बाप द्यायचा तशी रुद्रेशही देत राहिला आणि देताना दर वर्षी एकच वाक्य म्हणायचा, "अव्वा, ही काथवट इथे आहे तोवर तुमची जागा इथेच." बापाचंच वाक्य ते, पण त्यानं ते आपलं करून टाकलं होतं. ती साडी कपाळाला लावायची. मला वाटतं, साडीपेक्षा ते वाक्य ती घरी घेऊन जायची. इलकलची मुलगी दर वर्षी बोलवायची, अव्वा आता पुरे, इकडे ये. ही म्हणायची, माझी जागा आहे ना इथे, जावयाच्या दारात कशाला येऊ.

हे झालं त्या वर्षी श्रावणापासून रुद्रेशला साफसफाईचं वेड लागलं. घागरी चिंचेनं घासा, तव्यांची काजळी खरवडा, काथवटीला तेल पाजा. ही काथवट लक्कुंडीच्या सुतारानं एकाच खोडातून कोरलेली, तेल प्यायली की अंगातून लाल रंग वर यायचा. तुंगव्वा खूष. पोराला उशिरा का होईना अक्कल आली, म्हणाली. चिंच आणि राखेनं तिची बोटं चिरली, रात्री तेल लावून फडकं गुंडाळायची आणि सकाळी पुन्हा बसायची. रुद्रेश फोनवर फोटो काढायचा. एक दिवस दोन पाहुणे आले, त्यांना त्यानं आत आणलं आणि तिला म्हणाला, अव्वा, ह्यांना सांगा कुठली वस्तू किती जुनी. तिनं हौसेनं सगळं सांगितलं. पाटा कुठून आला, घागर कुणाच्या लग्नातली, काथवटीवर भाकरी फुटत नाही ती का. पाहुण्यांतला तरुण तिला मधूनमधून अम्मा म्हणत होता. हुबळीचा पट्टणशेट्टी, एवढंच मला कळलं. मी तिथेच बाकावर बसून काज करत होतो. मला वाटलं असेल कुणी रुद्रेशचा मित्र.

खंडेनवमी आली. मधली खोली नुसती लखलखत होती, असली मांडणी त्या खानावळीत कधी झाली नव्हती. दाराला झेंडूची माळ, उंबऱ्यात फोडायला कोहळा. गल्लीतले आम्ही नेहमीचे आठ-दहा जण भिंतीला टेकून उभे. रुद्रेशची बायको सुमंगला कोपऱ्यात. सून म्हणून आली तेव्हापासून ती तुंगव्वाला चिकटून असायची, त्या दिवशी मात्र तिच्याकडे बघत नव्हती. आणि हुबळीचा तो पट्टणशेट्टी पांढरा शर्ट घालून सगळ्यात पुढे.

रुद्रेशनं विभूतीचं ताट घेतलं, काथवटीपुढे बसला. बोटं विभूतीत बुडवली. आणि हात तसाच राहिला. मग त्यानं बोटं पंच्याला पुसली आणि ताट त्या पाहुण्यापुढे धरलं. "तुम्ही लावा," म्हणाला.

पाहुणा गोंधळला. मी कशाला, तुम्हीच लावा, असं काहीतरी म्हणाला. रुद्रेशनं मान हलवली. "नाही. तुम्हीच."

तुंगव्वाला आधी वाटलं पाहुण्याचा मान ठेवतोय. ती हसून म्हणालीसुद्धा, "तीन बोटं हं, अण्णा. शर्ट जपा." पाहुण्यानं काथवटीला तीन बोटं ओढली. मग तव्यांना. मग पाट्याला, घागरींना, सिलिंडरला. रुद्रेश ताट धरून त्याच्याबरोबर वस्तूवरून वस्तूवर सरकत होता, बापामागून सरकायचा तसा. बाकापाशी आल्यावर त्यानं माझ्याकडे न बघता म्हटलं, "विरूपण्णा, बाक तुमचं."

मी पुढे झालो, विभूती लावली. आता मला कळलं होतं. पुढची विळी. रुद्रेशनं ताट तुंगव्वापुढे धरलं. तिनं विभूतीत बोटं घातली, विळीला ओढली आणि मग हळूच मान वळवून सगळ्या मांडणीकडे पाहिलं. बाक माझं. विळी तिची. आणि बाकी सगळं, इथून तिथून, गणकयंत्रसुद्धा, त्या पांढऱ्या शर्टवाल्याचं. रुद्रेशची एकही वस्तू नव्हती.

मला वाटलं उठून जाईल. पण तिनं हळद-कुंकवाचं तबक उचललं, पदर खोचला आणि दर वर्षीसारखी काथवटीपुढे बसली. मांडणी झाली होती, वर्ष सरलं होतं, आणि त्या वस्तूंना बोलून दाखवायचं तिचं राहिलं होतं.

"काथवटी," ती म्हणाली, "तुझ्यावर हात आपटला की तू तोंडावर आवाज केलास. पाठीमागे कधी केला नाहीस."

कुणीतरी सवयीनं हसलं आणि लगेच थांबलं.

"तव्या, तू तापलास की मला कळायचं. हात भाजले ते माझ्या घाईनं. गार असल्याचं सोंग तू एक दिवस केलं नाहीस." तिनं कुंकू टाकलं, पुढे सरकली. "घागरी, गळायला लागलीस तेव्हा थेंब दाखवलास. चाळणी, तुझ्यातून जे पडायचं ते माझ्या डोळ्यांदेखत पडायचं." सिलिंडरपाशी आली आणि जरा थांबली. "आणि तू बाबा, संपायला आलास की ज्योत पिवळी करतोस. सांगून जातोस. तेवढ्यात माणूस दुसरी सोय करतो."

ती एकेकीला ओलांडत गेली. आवाज चढला नाही, डोळे भरले नाहीत. झाडूलासुद्धा तिनं सोडलं नाही. सुमंगलानं पदर तोंडात धरला होता. रुद्रेशच्या मानेवरून घाम ओघळत होता, पण ताट काही त्यानं खाली ठेवलं नाही. गणकयंत्रापाशी तुंगव्वा आली, कुंकू टाकलं आणि तिथे मात्र काहीच बोलली नाही. ती पुढे गेली आणि शेवटी रुद्रेशच्या समोर उभी राहिली.

"अव्वा, उद्या सांगणारच होतो," तो म्हणाला. "सण कशाला खराब करायचा म्हणून."

"कधी ठरलं?"

सुमंगलानं कोपऱ्यातून सांगितलं, "उगादीला, अव्वा."

"उगादीला," तुंगव्वा म्हणाली. पाडव्याला सहा महिने होऊन गेले होते. "म्हणजे उगादीपासून रोज सकाळी पहिली भाकरी खाताना तुला ठाऊक होतं."

मग त्यानं घाईघाईनं सगळं सांगायला सुरुवात केली. खानावळ चालत नाही, लोकांना बसायला थंडगार खोली लागते, मुलीला धारवाडला शिकवायचंय, तुमचीही काहीतरी सोय करतो, तुम्हाला वाऱ्यावर सोडणार आहे का मी. ह्यातलं काही खोटं नव्हतं, हेही मी सांगायला हवं. धंदा बसत चालला होता हे गल्लीला दिसत होतं. खानावळ विकली म्हणून त्याला कुणी फाशी दिली नसती. तिनंही दिली नसती. तो उगादीला तिच्यापुढे बसून बोलला असता तर तिनं त्यालाच दोन भाकऱ्या जास्त खायला घातल्या असत्या. पण बोलला असता तर कदाचित ती इलकलला निघून गेली असती, आणि मग चिंच-राखेनं एवढं सगळं कुणी घासलं असतं?

पट्टणशेट्टी बिचारा मधल्यामध्ये अडकला होता. त्याला वाटलं आपण काही चांगलं बोलावं. म्हणाला की अम्मा, तुम्ही काळजी करू नका, ही काथवट आम्ही टाकणार नाही, नव्या हॉटेलात दाराशी भिंतीवर लावणार, वरून दिवा सोडणार, लोक फोटो काढतील. पाटा, घागरी, सगळं दर्शनी ठेवणार.

"आणि भाकरी?" तुंगव्वानं विचारलं.

"भाकरीचं यंत्र येतंय, अम्मा."

तिनं मान हलवली. काथवटीकडे बघून म्हणाली, "दाराशी ऊन लागेल. लाकूड तडकेल. आठवड्यातून एकदा तेल पाजा." मग वाकून विळी उचलली, पात्याला पदर गुंडाळला. सुमंगलानं साडी पुढे केली. त्या वर्षीची साडी इलकलची होती, रेशमी पदराची, आजवर दिलेल्या सगळ्यांत भारी. रुद्रेशनं ती हातात घेतली, पुढे धरली, आणि तोंड उघडलं ते नेहमीचं वाक्य म्हणायलाच उघडलं असावं, कारण तसंच मिटलं. तुंगव्वानं साडीला हात लावला नाही. माझ्या बाजूनं बाहेर पडताना एवढंच म्हणाली, "विरूपण्णा, तुमचं बाक घेऊन जा. नाहीतर तेपण भिंतीवर लावतील."

बाक मी त्याच संध्याकाळी आणलं. आता ते माझ्या दुकानात अडचण करून पडलंय, येणारा प्रत्येक जण गुडघा आपटतो आणि मला शिव्या देतो.

दुसऱ्या दिवशी दसरा. संध्याकाळी आमच्याकडे बन्नी वाटतात, शमीची पानं. लहानानं मोठ्याच्या हातात पानं ठेवायची, पाया पडायचं, आणि म्हणायचं की आपण सोन्यासारखं राहूया. पुढे आलेली बन्नी नाकारत नाहीत. भांडलेले भाऊ, कोर्टात गेलेले शेजारी, सगळे घेतात. मी तुंगव्वाकडे गेलो. वयानं ती माझ्याहून मोठी. खानावळीच्या मागच्या बोळात तिची एक खोली, तिथे एक लहानशी शेगडी, जिच्यावर तिनं चहापलीकडे कधी काही केलं नव्हतं. त्या दिवशी शेगडीवर विभूतीची तीन बोटं ओढलेली होती. "हिला कधी लावलीच नव्हती," मला म्हणाली. "घरी असूनही नाही. काल सगळ्यांची पूजा करून आले आणि ही तशीच." शेगडीवर तवा होता, परातीत पीठ मळलेलं होतं, जोंधळ्याचं. कोपऱ्यात पिशवी भरून ठेवलेली, विळी वर खोचलेली. उद्या सकाळच्या गाडीनं इलकल.

मी बन्नी दिली, पाया पडलो. काय बोलावं ते कळेना, म्हणून मी रुद्रेशला शिव्या द्यायला सुरुवात केली. ती म्हणाली, "नका देऊ. तुमच्या शिव्या चांगल्या नसतात, अर्धवट असतात." खांदे जरासे हलले. तेवढ्यात दारात रुद्रेश उभा.

एकटाच होता. नवा शर्ट, हातात बन्नीची फांदी. आत आला, तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मग पानं पुढे केली. "अव्वा, आपण सोन्यासारखं राहूया," म्हणाला. ते नाटक नव्हतं, मनापासून होतं. मला त्याचाच जास्त राग आला.

तिनं बन्नी घेतली. त्याच्या डोक्यावर हात ठेवला, परतीची पानंही दिली. रीत पाळली. मग विचारलं, "एक सांग. काल पहिली विभूती तू का नाही लावलीस? मी तर सगळं तसंच समजून पूजा करून घरी आले असते. तुला काय अडलं होतं?"

रुद्रेश खाली बघत म्हणाला, "व्यवहार झाला होता, अव्वा. विकलेल्या वस्तूला आपली म्हणून कशी लावायची? अप्पा काय म्हणायचे तुम्हाला माहीत आहे. पाप लागलं असतं."

"म्हणजे काथवटीशी खोटं बोलवलं नाही तुला."

बाहेर पोरं बन्नी वाटत ओरडत चालली होती.

मग ती शेगडीकडे वळली, शेगडी पेटवली. पिठाचा गोळा घेतला आणि परातीत भाकरी थापायला लागली. परात पत्र्याची, आवाज वेगळा येत होता. रुद्रेश जिथे होता तिथेच भिंतीला सरकून मांडी घालून बसला. त्याच्या ते ध्यानातसुद्धा आलं नसेल. भाकरीचा वास सुटला, ती फुगली, तुंगव्वानं उलथन्यानं उचलली. आणि त्यानं हात पुढे केला, लहानपणापासून करायचा तसा, तळवा वर.

तुंगव्वानं भाकरी आपल्या ताटलीत ठेवली. वर चटणी घेतली. जमिनीवर नीट मांडी घालून बसली आणि खाल्ली, सावकाश, शेवटच्या घासापर्यंत. रुद्रेशचा हात हळूहळू मांडीवर गेला. पाणी पिऊन झाल्यावर तिनं तवा खाली उतरवला, उरलेलं पीठ झाकून ठेवलं आणि शेगडी बंद केली.